कॅमेरा दुसऱ्यांदा कधी जातो?

एप्रिल 2023च्या शेवटच्या आठवड्यात सुदान आपल्या घराघरांत पोचलं होतं. खार्तूम, पोर्ट सुदान, जेद्दा ही नावं वृत्तनिवेदकांच्या तोंडी बसली होती. ‘आयएनएस सुमेधा’वर चढणाऱ्या माणसांची रांग, वाडी सैयिदनाच्या धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात उतरलेलं हवाई दलाचं विमान, दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरच्या घोषणा आणि अश्रू. तिथे पेटलेल्या युद्धातून भारतीयांना बाहेर काढणारं ‘ऑपरेशन कावेरी’ 24 एप्रिलला सुरू झालं, 5 मेला संपलं. 3,862 माणसं सुखरूप परत आली. त्या कामगिरीचं कौतुक व्हायलाच हवं होतं आणि ते झालंही. पण शेवटचं विमान उतरलं आणि सुदान आपल्या पडद्यावरून उतरलं. युद्ध तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचं होतं.

त्यानंतर तिथे काय घडलं ते सांगायला हवं, कारण मराठी वाहिन्यांच्या भरवशावर राहिलेल्या माणसाला ते कळण्याचा फारसा मार्ग नव्हता. 5 कोटींच्या आसपास वस्तीच्या त्या देशात 1 कोटी 20 लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून पळाली. विस्थापितांचा इतका मोठा लोंढा या काळात जगात दुसरीकडे कुठे दिसला नाही. ऑगस्ट 2024मध्ये उत्तर दार्फुरमधल्या झमझम छावणीत उपासमारीने पाचवी, म्हणजे शेवटची पायरी गाठल्याचं आयपीसी या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने जाहीर केलं. छावणीजवळच्या अल-फाशेर शहराला, सुदानी लष्कराशी लढणाऱ्या ‘आरएसएफ’ या निमलष्करी दलाने मे 2024पासून वेढा दिला होता. आत अडकलेल्या लोकांनी शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली, जनावरांपुढे टाकायची पेंड खाऊन दिवस काढले. ही पेंड काय असते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. 26 ऑक्टोबर 2025ला शहर पडलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात 460हून अधिक रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं मारली गेल्याची माहिती जागतिक आरोग्य संघटनेने दिली. मारणाऱ्यांनी स्वतःच्या मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि ते पसरवलं. जमिनीवरच्या खुणा उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसत होत्या.

त्या आठवड्यात आपल्याकडे बिहारच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता आणि नवी मुंबईत आपल्या मुली विश्वचषकाच्या अंतिम फेरीकडे निघाल्या होत्या. 2 नोव्हेंबरला त्या जिंकल्या, तो आनंद मीही मनापासून साजरा केला. अल-फाशेरला त्यातली दोन मिनिटं मिळाली असती तर त्या आनंदात काही उणं पडलं नसतं. ती मिळाली नाहीत. पुढे ओडिशाच्या एका तरुणाला आरएसएफने पकडल्याचा व्हिडिओ आला, तेव्हा सुदान पुन्हा पडद्यावर आलं. आपला माणूस दिसला म्हणून आलं.

हे एकदाच घडलेलं नाही. 2015च्या एप्रिलमध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’खाली 4,640 भारतीय आणि 41 देशांचे 960 नागरिक बाहेर काढले गेले. काही दिवस एडन आणि सना ही नावं आपण रोज ऐकली. युद्ध चालूच राहिलं. 2021च्या अखेरपर्यंत येमेनमध्ये 3 लाख 77 हजार मृत्यू झाल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे, आणि त्यातले सुमारे 60 टक्के गोळीने किंवा बॉम्बने झालेले नाहीत. भूक, घाण पाणी, औषधांचा तुटवडा यांनी झालेले आहेत. या मृत्यूंपर्यंत आपली एकही सुटका मोहीम जात नाही, म्हणून आपला कॅमेराही जात नाही.

माझं म्हणणं वाहिन्यांनी जगातल्या सगळ्या दुःखांची रोज यादी वाचावी असं नाही. संकट कोसळल्यावर वाहिन्या बहुतेक वेळा पोचतात, कधी कधी प्रशासनाच्याही आधी पोचतात. माझा प्रश्न दुसऱ्या खेपेचा आहे. एखाद्या संकटाची बातमी आपण नीट दिली की नाही, हे पहिल्या तीन दिवसांत किती ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, उभ्या होत्या यावरून ठरवू नये. सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी कोण परत गेलं, यावरून ठरवावं. ज्या संकटांना आपण ‘दुर्लक्षित’ म्हणतो, त्यातली कित्येक एकदा पाहून सोडून दिलेली असतात.

यासाठी आफ्रिकेत जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातलं माळीण घ्या. 30 जुलै 2014ला सकाळी डोंगर गावावर आला. 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाला. नेहमीच्या फेरीला तो गेला आणि त्याला गावच दिसेना. पुढचे काही दिवस आंबेगाव तालुक्यातल्या त्या अरुंद रस्त्यावर ओबी व्हॅनची रांग लागली होती. चिखलातून निघणारे मृतदेह, रडणारे नातेवाईक, मंत्र्यांचे दौरे. मग व्हॅन निघून गेल्या. पुनर्वसनाचं नवं गाव आमडे इथे उभं राहायला एप्रिल 2017 उजाडला. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते खचल्याच्या, भराव वाहून गेल्याच्या तक्रारी आल्या. त्या बातम्या आल्या, पण चुटक्या म्हणून आल्या. मधल्या तीन वर्षांत पत्र्याच्या निवाऱ्यात राहणाऱ्या माणसांनी काय काय सोसलं, नव्या गावाची जागा कुणी आणि कशी ठरवली, महादेव कोळी कुटुंबांच्या भातखाचरांचं पुढे काय झालं, हे मुंबईच्या स्टुडिओत बसून कुणी विचारलं नाही. पुण्यातल्या ब्युरोकडूनही कुणी मागितलं नाही.

आणि इथेच या न परतण्याची किंमत दिसते. माळीणनंतर राज्यभरातल्या दरडप्रवण गावांची पाहणी झाली, याद्या तयार झाल्या. 22 जुलै 2021ला महाडजवळचं तळीये गाडलं गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. 19 जुलै 2023च्या रात्री रायगडच्याच इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. माळीण आणि इर्शाळवाडी यांच्यामध्ये नऊ पावसाळे गेले. त्या नऊ पावसाळ्यांत एखाद्या वाहिनीने दर मे महिन्यात त्या यादीचा पाठपुरावा केला असता तर? यादीत कोण आहे, कोण नाही, कुणी वगळलं, कोणत्या निकषावर, आणि यादीतल्या वाड्या अजून तिथेच का आहेत, हे पाच प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांना दरवर्षी कॅमेऱ्यासमोर विचारले असते तर? इर्शाळवाडी वाचलीच असती असा दावा मी करणार नाही. पण यादी मंत्रालयाच्या कपाटात इतकी निवांत पडून राहिली नसती, एवढं खात्रीने म्हणतो.

मणिपूरबद्दल थोडक्यात. हिंसाचार 3 मे 2023ला पेटला, म्हणजे सुदानमधून आपली माणसं परत येत होती त्याच दिवसांत. 60 हजारांच्या आसपास माणसं आपल्याच देशात निर्वासित झाली. बहुतेक वाहिन्यांना मणिपूर खऱ्या अर्थाने दिसलं ते 19 जुलैला, 4 मेच्या अत्याचाराचा व्हिडिओ पसरल्यावर. म्हणजे मधले अडीच महिने बातमी नव्हती असं नाही. बातमी होती, तिला चित्र नव्हतं.

चित्र हा शब्द वृत्तवाहिनीच्या कार्यालयात कसा चालतो हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे. सकाळच्या बैठकीत असाइनमेंट डेस्कवरून विचारलं जातं: व्हिज्युअल आहेत का? बाइट कुणाचा मिळेल? आपला अँगल काय? तालुक्याचा प्रतिनिधी बहुतेक वेळा स्ट्रिंगर असतो. त्याला बातमीमागे पैसे मिळतात, पगार नसतो. दिवसभर मोटरसायकल चालवून त्याने एखाद्या पाड्यावरच्या कुपोषणाची बातमी पाठवली आणि ती चालली नाही, तर पेट्रोलही अंगावर पडतं. पुढच्या वेळी तो ती बातमी करणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. उलट स्टुडिओत चार प्रवक्ते चार चौकटींत बसवून तासभर भांडवायला खर्च जवळजवळ नाही. भूक हळूहळू मारते, विस्थापन वर्षानुवर्षं चालतं, आणि या दोन्ही गोष्टींना ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी लावता येईल असा एकच एक क्षण नसतो.

स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ आयझेन्से आणि स्ट्रॉमबर्ग यांनी 2007मध्ये अमेरिकी टीव्हीबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे 5,000 नैसर्गिक आपत्ती त्यांनी तपासल्या. ज्वालामुखीत एक माणूस दगावला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता, तेवढीच शक्यता अन्नटंचाईच्या वाट्याला यायला जवळपास 39 हजार माणसं मरावी लागत होती. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवून दिली. ऑलिम्पिकसारखी मोठी घटना चालू असताना आपत्ती आली तर तिची बातमी कमी होते, आणि बातमी कमी झाली की अमेरिकी सरकारची मदतही मिळण्याची शक्यता घटते. म्हणजे एखाद्या उपाशी गावापर्यंत धान्याचा ट्रक जाणार की नाही, हे त्या आठवड्यात दुसरीकडे काय चाललंय यावर ठरत होतं. अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात हजाराहून जास्त बळी घेणारा भूकंप झाला तो 7 ऑक्टोबर 2023ला. हमासने इस्रायलवर हल्ला केला तो हाच दिवस. हेरातची मातीची घरं त्या दिवशी कुणी पाहिली?

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे प्रेक्षक. लोकांना हे बघायचं नसतं, लोक चॅनल बदलतात, आम्ही टीआरपीला बांधलेले आहोत. या उत्तरावर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. ऑक्टोबर 2020मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी बंद झाली, ती मार्च 2022मध्ये परत सुरू झाली. जवळपास दीड वर्ष संपादकांच्या मानेवर त्या आकड्यांचं जोखड नव्हतं. त्या काळात तरी पडदा बदलला का? मला बदललेला दिसला नाही. तीच चर्चा, तेच चेहरे, तोच आरडाओरडा. जोखड उतरलं तरी बैल त्याच वाटेने जात राहिला, कारण वाट अंगवळणी पडली होती. प्रेक्षकाला काय हवं हे त्याला दुसरं काही दिल्याशिवाय कळत नाही, आणि दुसरं काही देऊन पाहण्याची तयारी नव्हती.

प्रेक्षक म्हणजे आपण. आपल्याला दुसऱ्याच्या दुःखाचं काही पडलेलं नसतं, हा आरोप निदान पुण्याच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे 10 हजार माणसं गेली. तेव्हा चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या नव्हत्या. वर्तमानपत्रं होती, आकाशवाणी आणि दूरदर्शन होतं. पुण्यातून धान्य, कपडे, डॉक्टर, स्वयंसेवक गेले. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली, वाघोलीला त्यांची सोय झाली. पहिल्या आठवड्यातल्या मदतीचं मोल मी कमी करत नाही. पण ती मुलं वर्षानुवर्षं इथे राहून शिकली, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. ज्या शहराला इतकं लांब चालता येतं, त्या शहराच्या प्रेक्षकाला दोन मिनिटांचा पाठपुरावा झेपणार नाही असं समजणं हा त्याचा अपमान आहे.

त्याच्याही मागे गेलं तर 1972चा दुष्काळ आहे. आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यात तो अजून येतो: मिलो ज्वारी, सुकडीचं वाटप, खडी फोडण्याची कामं. 1973च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या घरात माणसं होती. भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही, आणि त्याच अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमी योजना आकाराला आली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं, म्हणजे त्या दुष्काळात ते नुकतंच जन्मलं होतं. सरकारला जागं ठेवण्याचं काम केलं ते गावोगावच्या बातमीदारांनी, मोर्च्यांनी आणि विधिमंडळातल्या प्रश्नांनी. अमर्त्य सेन यांनी मांडलेला विचार सगळ्यांना ठाऊक आहे: लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही. बंगालमध्ये 1943ला लाखो माणसं मरत असताना ‘द स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी 22 ऑगस्टला रस्त्यावर पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे दिल्ली आणि लंडन हललं. पण सेन यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्कर विसरतो. वृत्तपत्रं ठळक दुष्काळ थांबवतात, पण रोजची, मुरलेली उपासमार त्यांच्या नजरेतून निसटते, असंही ते बजावतात. मेळघाट हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण आहे. 1993पासून तिथल्या बालमृत्यूंची बातमी होते, चार दिवस गाजते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपते.

ऊसतोडणीचंही तसंच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019मध्ये देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांहून जास्त महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर दर दिवाळीला टोळ्या निघतातच आहेत. उचल घेतलेली असते, मुकादमाचा तगादा असतो, एक खाडा झाला तर दंड असतो, म्हणून पाळीसुद्धा परवडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर, आपल्या शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, या बायका पालं ठोकून राहतात. गळीत हंगामाच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यात टनेज असतं, एफआरपी म्हणजे उसाचा किमान दर असतो, मंत्र्यांच्या हस्ते मोळी टाकतानाचं दृश्य असतं. समितीच्या शिफारशींपैकी काय झालं, हे विचारायला माइक घेऊन फडावर जाणारा बातमीदार क्वचित असतो.

आता एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. टीव्ही जाऊन काय भलं होतं? 25 एप्रिल 2015ला नेपाळमध्ये भूकंप झाला. आपल्या वाहिन्यांनी भरपूर वेळ दिला, पथकं पाठवली. काही दिवसांत नेपाळी लोकांनी समाजमाध्यमांवर ‘गो होम इंडियन मीडिया’ अशी मोहीमच चालवली. ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘आता कसं वाटतंय’ विचारणं आणि मदतकार्याचं रूपांतर स्वतःच्या देशाच्या जाहिरातीत करणं, याचा त्यांना वीट आला होता. त्यांचा राग रास्त होता. त्याहून जुनं उदाहरण 23 ऑक्टोबर 1984चं. इथिओपियातल्या कोरेम इथून बीबीसीचे मायकेल ब्युर्क आणि केनियाचे कॅमेरामन मोहम्मद अमीन यांनी पाठवलेलं वृत्त त्या दिवशी दाखवलं गेलं. चारशेहून जास्त वाहिन्यांनी ते जगभर उचललं, पुढच्या जुलैत ‘लाइव्ह एड’ ही मदतनिधीसाठीची संगीत मैफल झाली, मदतीचा ओघ सुरू झाला. त्या एका वृत्ताने असंख्य जीव वाचले, हे मान्य करायलाच हवं. पण प्रेक्षकांच्या मनात जे ठसलं ते कोपलेलं आभाळ आणि करपलेली जमीन. टिग्रे आणि एरिट्रियामध्ये चाललेलं युद्ध, बंडखोर भागात धान्य जाऊ न देणारं इथिओपियाचा तेव्हाचा हुकूमशहा मेंगिस्तू याचं सरकार, हे त्या चौकटीबाहेर राहिलं. ते समजायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्या खेपेला कॅमेऱ्याला दुःख दिसतं, त्याची कारणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दिसायला लागतात. म्हणून मला तास वाढवून नको आहेत, खेपा वाढवून हव्या आहेत.

सुदानच्या बाबतीत पुण्याकडे एक जास्तीची जबाबदारी आहे असं मी मानतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तांबड्या दगडाची, वर मोठा घुमट असलेली. तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढताना भारतीय सैनिकांनी जे बलिदान दिलं, त्याच्या कृतज्ञतेपोटी तिथल्या सरकारने 1941मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले 70 हजार पौंड आले आणि ते या प्रबोधिनीच्या उभारणीत लागले. 30 मे 1959ला सुदानच्या राजदूतांच्या हस्ते इमारतीचं उद्घाटन झालं. सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुका 1953मध्ये झाल्या, त्यांच्या आयोगाचे अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. हे नातं इतकं जुनं आहे. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनाचं चित्रण सगळ्या वाहिन्या करतात आणि प्रत्येक दृश्यात मागे तो घुमट असतो. मे 2024च्या संचलनाच्या वेळी अल-फाशेरचा वेढा नुकताच आवळला जात होता. नोव्हेंबर 2025च्या वेळी शहर पडून महिना झाला होता. निवेदनात एक वाक्य घालायला काय हरकत होती?

आणि सुदानची बातमी करायला खार्तूमला जायलाच हवं असंही नाही. कितीतरी वर्षांपासून सुदानी विद्यार्थी पुण्यात शिकायला येत आहेत. कोंढवा, कॅम्प, विद्यापीठाचा परिसर इथे ते भाड्याने राहतात, आपल्याच दुकानांत किराणा घेतात, आपल्याच पीएमपीने फिरतात. घरून पैसे येणं बंद झालं, व्हिसाची मुदत संपत आली, आई-वडील कुठल्या छावणीत आहेत ते फोन लागला तरच कळतं, अशा अवस्थेत युद्धाच्या काळात एखादा विद्यार्थी परक्या शहरात कसा जगतो, ही बातमी डेक्कनवरून अर्ध्या तासात करता येते. तिला व्हिज्युअल आहेत, बाइट आहे, डेस्कला हवा असलेला लोकल अँगलही आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनी ती मोबाइलवर केली तरी चालेल.

वाहिन्यांना हे करायला भाग पाडणारी चौकटही अस्तित्वात आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष आहे. प्रक्षेपणासाठी लागणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995मध्ये दिला. त्याच विचाराला धरून केंद्र सरकारच्या 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहिन्यांवर रोज 30 मिनिटं सामाजिक महत्त्वाच्या विषयांसाठी देण्याचं बंधन घातलं. शिक्षण, आरोग्य, शेती, महिला आणि दुर्बल घटकांचं कल्याण, पर्यावरण अशा विषयांची यादी त्यात आहे. ऊसतोड बायका त्यात बसतात, मेळघाटची मुलं बसतात, दरडीखालच्या वाड्या बसतात. सुदान आणि येमेन थेट बसणार नाहीत, त्यासाठी संपादकांनाच पुढे यावं लागेल. पण निदान ही अर्ध्या तासाची बाब आपल्या वाहिन्या कशी भरून काढतात, हे प्रेक्षक म्हणून आपण विचारू शकतो. जून 2023मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी आवाज उठवला, लोकप्रतिनिधी बोलले आणि निर्णय थांबला. सकाळच्या दहा मिनिटांच्या बातमीपत्रासाठी जे शहर एवढं भांडलं, त्याने मोठ्या वाहिन्यांना चार पत्रं लिहिणं अवघड नाही.

माझी मागणी लहान आहे आणि पैशांच्या हिशेबातही बसणारी आहे. प्रत्येक मराठी वृत्तवाहिनीने पाच संकटं निवडावीत, तीन राज्यातली, एक देशातलं, एक परदेशातलं. त्या प्रत्येकासाठी एका बातमीदाराचं नाव ठरवावं आणि वर्षातून निदान चार वेळा त्याचं वृत्त दाखवावं, घटना घडो वा न घडो. स्ट्रिंगरला या वृत्तांचे पैसे बातमी चालली की नाही यावर न ठेवता ठरलेले द्यावेत. तारखा शोधायला लांब जायला नको. 15 एप्रिलला सुदानच्या युद्धाच्या सुरुवातीचा दिवस येतो, 3 मेला मणिपूरचा, 19 जुलैला इर्शाळवाडीचा, 30 जुलैला माळीणचा, आणि दिवाळीच्या सुमारास बीडहून टोळ्या निघतात. वृत्तसंपादकांनी या तारखा डेस्कवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवाव्यात. त्या दिवशी मेणबत्त्यांची जुनी दृश्यं पुन्हा दाखवू नयेत, तिथे माणूस पाठवावा आणि त्याला एकच काम द्यावं: गेल्या वेळी ज्यांनी आपल्याशी बोलणं केलं होतं त्यांना शोधून काढायचं आणि मधल्या काळात काय झालं ते विचारायचं.